काढलेलं कुठे ठेवलं?

आमच्या इंदिरानगरच्या इमारतीत कुठल्याही नटाकडे नीट पाहा, पंपाचा असो, गेटचा असो, नाहीतर मीटरच्या पेटीचा, त्यावर एक बारीक लाल रेघ सापडेल. नटावरून निघून ती शेजारच्या पत्र्यावर उतरते. रंग आता विटलाय, पण रेघ शाबूत आहे. ही वरच्या मजल्यावरच्या गायधनीकाकांनी ओढलेली रेघ. नट कुणी जरासा जरी फिरवला तर ती मध्येच तुटते, आणि तुटली की काका माझ्या दाराची बेल वाजवायचे, कारण मी सोसायटीची सेक्रेटरी.

“नीलिमा, पंपाच्या झाकणाला कुणी हात लावला?”

मला काय ठाऊक! मी पोळ्या लाटत असायचे. तरी हाताचं पीठ झटकून मला त्यांच्यामागे खाली जावं लागायचं. दुसऱ्या माणसाने डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काकांच्या लेखी कुठलीच गोष्ट घडलेली नसे. “पाहिलंस का? हात लावून पाहिलंस का?” हे त्यांचं पालुपद. सगळं मनासारखं असेल तर “पास” एवढा एकच शब्द. त्याहून मोठं कौतुक त्यांच्याकडे नव्हतं. खरं सांगते, पहिली काही वर्षं मला हा माणूस म्हणजे डोक्याला ताप वाटायचा.

ओझरच्या विमान कारखान्यात ते तपासनीस होते. निवृत्त झाले, पण तपासणं काही सुटलं नाही. मूळ घर पंचवटीतलं, भिक्षुकीचं. “थोरले भावजी गंगेवर लोकांचे पितर मार्गी लावतात आणि आमचे हे ओझरला विमानं,” असं शालिनीकाकू म्हणायच्या. मुक्ता ही काकांची एकुलती एक मुलगी. तिच्या लग्नात हे थोरले भाऊच विधी सांगत होते. जेवणाची वेळ टळत चाललेली, मंडळींचं लक्ष पंगतीकडे, म्हणून त्यांनी मधला काही भाग गिळला. काकांनी तिथल्या तिथे हात वर केला.

“दादा, मधलं राहिलं.”

“अरे अरविंदा, लग्न आहे हे, विमान नाही!”

“विमान परत खाली उतरवता येतं,” काका म्हणाले.

मांडव हसला. दादा हसले नाहीत, पण मागे जाऊन राहिलेलं म्हणाले. मुक्ताच्या सासरची माणसं अजूनही हा किस्सा सांगतात.

लिफ्टचं प्रकरण मात्र हसण्यावारी गेलं नाही. दुरुस्तीवाला काम आटोपून पिशवी उचलून निघाला, तर काका दारात आडवे.

“हत्यारं मोजलीस?”

“मोजायचं काय त्यात, साहेब? हाय की सगळी पिशवीत.”

“बाहेर काढून दाखव.”

“लय झालं बुवा तुमचं! इतकी वर्षं काम करतोय, असं कुनी नाय विचारलं.”

लिफ्ट बंद, भाजीच्या पिशव्या घेऊन लोक खाली ताटकळलेले, ते माझ्यावर चिडलेत आणि मी काकांवर. शेवटी त्या माणसाने रागारागाने हत्यारं फरशीवर मांडली. एक पाना कमी होता. तो लिफ्टच्या डोक्यावर राहिला होता. काकांनी त्याला एका शब्दाने बोल लावला नाही, उलट वर नेऊन चहा पाजला. त्या दिवसापासून बेल वाजली की मी मुकाट्याने खाली जाऊ लागले.

त्यांच्या गॅलरीत एक लोखंडी फळी होती. घरातून जे जे बदललं ते त्या फळीवर. जुना नळ, जुनं बटण, मिक्सरचं झिजलेलं पातं. प्रत्येकाला सुतळीने बांधलेली चिठ्ठी: कुठून काढलं, का काढलं. “काढलेला भाग फेकायचा नसतो,” ते मला समजावायचे. “नव्याने दगा दिला तर? आणि बिघाड का झाला हे शोधायचं तर जुनाच हातात हवा. कारखान्यात बदललेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून कपाटात जायचा.” काकू आतून ओरडायच्या, “उद्या मला बदललंत तर मलाही चिठ्ठी बांधून फळीवर ठेवाल!”

काकू गायच्या. इंदिरानगरातल्या भजनी मंडळाच्या त्या म्होरक्या. मंडळातल्या बायका स्वतः गौळणी रचायच्या आणि काकू त्यांना चाली लावायच्या. आवाज ठसठशीत, जरा जाडा, पण लागला की जिन्यातली माणसं थांबायची. काका थांबायचे नाहीत. ते दार लोटून घ्यायचे. आज कसं झालं, असं काकूंनी विचारलं तर म्हणायचे, “ते खातं माझ्याकडे नाही.” गाण्यातलं आपल्याला काही कळत नाही, आणि जे कळत नाही त्याला पास म्हणायचं नाही, हा त्यांचा प्रामाणिकपणा. पण चाळीसेक वर्षांच्या संसारात हा प्रामाणिकपणा बायकोला किती बोचला असेल, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. मला ते दिसायचं आणि रागही यायचा.

मग काकूंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. दोनच शब्द उरले, “नाही ना.” भूक लागली तरी “नाही ना”, पोट भरलं तरी “नाही ना”. मी गेले की डोळे आनंदाने भरून यायचे आणि तोंडातून यायचं, “नाही ना, नाही ना.” आपण चुकीचं बोलतोय हे त्यांना कळत होतं, आणि तेच बघवत नसे.

मुक्ता तेव्हा परदेशातून धावत आली. कपाट आवरताना तिला स्वतःचा कॉलेजातला गाण्यांचा प्लेअर सापडला, काडेपेटीहून थोडा मोठा, रुपेरी, पुढे एकच गोल बटण. तिने एके काळी आईची गाणी घरीच माईक लावून टिपली होती आणि या प्लेअरमध्ये भरली होती. तिने आईच्या कानात इयरफोनची एक बोंडी घातली आणि बटण दाबलं. काकू दचकल्या. थोड्या वेळाने ओठ हलायला लागले, आणि जी बाई “पाणी” म्हणू शकत नव्हती तिच्या तोंडून “यमुना” आलं. पुढचं मागचं सगळं शब्दासकट, सुरासकट. मी तिथेच होते. काका खुर्ची धरून उभे होते आणि मुक्ता रडत होती.

वाचा परत आणण्यासाठी घरी येणाऱ्या मॅडमनी सांगितलं की असं होतं. बोलण्याची वाट बंद झाली तरी कधी कधी गाण्याची उघडी राहते. रोज याच आवाजाबरोबर गाऊ द्या, यातूनच बोलायचे शब्द बाहेर येतील. आणि येऊ लागले की! चार-सहा महिन्यांत काकू “पाणी” म्हणू लागल्या, गौळणीच्या चालीत का होईना. मोबाइलवर त्यांचं बोट सरकत नसे, पण त्या एका बटणावर डावा अंगठा नेमका पडायचा. दुपारचा चहा झाला की खुर्चीच्या हातावर थाप. काकांनी प्लेअर आणून द्यायचा. दार आता लोटलेलं नसे.

मग मॅडमनी तीन-चार छोटी वाक्यं चालीत म्हणून पाठवली. “पाणी द्या”, “दार लावा”, अशी. ती याच प्लेअरमध्ये घाला, म्हणाल्या, म्हणजे बाईंना एकच वस्तू हाताळावी लागेल. मुक्ता परत गेली होती. काका कॉम्प्युटरपुढे बसले.

त्या प्लेअरचं एक खास सॉफ्टवेअर होतं. त्याच्याशिवाय त्यात काही जात नसे. आणि त्याचा कायदा असा की प्लेअर एका वेळी एकाच कॉम्प्युटरचा. गाणी कॉम्प्युटरमधून प्लेअरमध्ये जातील, प्लेअरमधून परत मात्र येणार नाहीत. काकांना हे कुणी सांगितलं नव्हतं. वायर जोडल्यावर पडद्यावर प्रश्न आला: हे यंत्र दुसऱ्या कॉम्प्युटरशी जोडलेलं आहे, यातला संग्रह बदलून इथला ठेवायचा का? काकांनी चष्मा पुसून तो पुन्हा पुन्हा वाचला. घाईत बटण दाबणारा तो माणूसच नव्हे. त्यांना प्रश्न पटला. जुनं काढल्याशिवाय नवं बसवू नये, हे तर आयुष्यभर केलेलं. त्यांनी “हो” म्हटलं.

माझी बेल वाजली. दार उघडलं तर काका. चेहरा पांढरा. पालुपद नाही, काही नाही.

“नीलिमा, वर ये जरा.”

कॉम्प्युटरपुढची खुर्ची त्यांनी मला दिली. असं कधी होत नसे.

“काढलेलं कुठे ठेवतात गं हे लोक?”

मला काहीच उमगेना.

“बदलायचं का, असं विचारलं. मी हो म्हटलं. नवं आत गेलंय, हे बघ. मग जुनं कुठेतरी काढून ठेवलं असेल ना? मी सगळं शोधलं. मला सापडत नाहीये. तुला दिसतंय का बघ.”

मी शोधलं. कचऱ्याच्या टोपलीपासून सगळं. काका मागे उभे राहून म्हणत होते, “फेकून कसं देतील? विचारल्याशिवाय कुणी फेकतं का?”

“काका,” मी म्हटलं, “हे लोक ठेवत नाहीत.”

आतल्या खोलीतून थाप ऐकू आली. चहा झाला होता. काकूंची गाण्याची वेळ.

काका आतल्या दाराकडे वळले. मला वाटलं, काहीतरी सांगून वेळ मारून नेतील, चार्जिंग संपलंय म्हणतील. मी असते तर तेच केलं असतं. ते आत गेले, प्लेअर नेलाच नाही. रिकाम्या हातांनी काकूंसमोर पलंगाच्या कडेवर बसले.

“शालू, तुझी गाणी माझ्या हातून गेली. माझी चूक आहे.”

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या रिकाम्या हातांकडे.

“नाही ना,” त्या म्हणाल्या.

हे रागाने होतं, की “असू दे” म्हणून, की विश्वास बसत नव्हता म्हणून, कसं कळणार? काका त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. आयुष्यभर जो माणूस प्रत्येक गोष्ट तपासून खात्री करून घ्यायचा, त्याला बायकोने माफ केलं की नाही, एवढंच समजायची सोय नव्हती.

मुक्ताला फोन लावला. तिचा जुना लॅपटॉप कधीच भंगारात गेला होता. भजनी मंडळाच्या बायकांकडे मोबाइलवर काही काही होतं, पण त्यात दहाजणींचा गलका, टाळांचा खणखणाट. काकूंनी ते एकदा ऐकलं आणि बोंडी कानातून उपटून टाकली.

दुसऱ्या दिवशी आम्ही मेन रोडमागच्या एका गल्लीत गेलो. रुखसार नावाची मुलगी तिथे वडिलांच्या दुकानात मोबाइल आणि कॉम्प्युटर दुरुस्त करायची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं विचारलं, “यानंतर अजून काही भरलंय का यात?”

“नाही.”

“मग चान्स आहे. पुसलं म्हणजे लगेच जात नाही काका, फक्त नावाची पाटी निघते. पण त्याच जागेवर दुसरं काही बसलं की खतम. चालू करू नका, चार्ज करू नका. त्या सॉफ्टवेअरला तर समजलंच नाही पाहिजे की आपण आत गेलो.”

“सगळं मिळेल?”

“झूट नाही बोलणार. माहीत नाही.”

ती प्लेअर उघडायला लागली तेव्हा काका पुढे वाकले. मी मनात म्हटलं, आता हे हिला हत्यारं मोजायला लावणार. पण तिने प्रत्येक स्क्रू काढल्या क्रमाने एका लोहचुंबकाच्या पट्टीवर मांडला होता. काका मागे सरकून स्टुलावर बसले. ते रोज जाऊन बसू लागले. काम यंत्र करत होतं, बघण्यासारखं काही नव्हतं, तरी बसायचे.

इकडे घर गप्प झालं. चहानंतर थाप येईना. काकू भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. मॅडमनी “पाणी द्या” सुरात म्हणून दाखवलं तर डोळे मिटून घ्यायच्या. एकदा मी पाण्याचा पेला पुढे केला, त्या तोंड उघडून शब्द शोधत राहिल्या आणि शेवटी आलं ते “नाही ना”. मिळवलेला शब्दही निसटला होता. मॅडम मला जिन्यात म्हणाल्या की असं फार दिवस राहिलं तर मागे गेलेलं पुन्हा पुढे आणणं कठीण. मी हे काकांना सांगितलं नाही. त्यांना ते दिसतच होतं. त्या दिवसांत पंपाच्या झाकणावरची रेघ तुटली होती, मी स्वतः पाहिली, पण काकांनी बेल वाजवली नाही.

रुखसारने अखेर एक पेनड्राइव्ह दिला. “जेवढं निघालं तेवढं आहे. नावं नाहीत. आणि काका, बरीच गाणी मध्येच तुटलीत. पुढचा तुकडा नाही सापडला. सॉरी.”

“तू पाहिलंस ना सगळीकडे?” काकांनी विचारलं.

“कसम से, काका.”

“पास,” ते म्हणाले. रुखसारला काही कळलं नाही. मला कळलं आणि माझे डोळे भरून आले.

गाणी आता एका साध्या प्लेअरमध्ये घातली. यालाही एकच बटण, आणि कुठल्याही कॉम्प्युटरला लावा, काही विचारत नाही. तरी काकांनी गाण्यांच्या तीन-चार प्रती करून ठेवल्या. चहा झाला. काकांनी काकूंच्या कानात बोंडी घातली, दुसरी आपल्या कानात घातली. हे मी पहिल्यांदाच पाहत होते. गौळण सुरू झाली, काकू ऐकत राहिल्या. ओठ हलेनात. आवाज माझ्यापर्यंत येत नव्हता, पण तुटलं कधी ते मला दोघांच्या चेहऱ्यांवरून समजलं. काकूंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी बटण दाबलं. पुन्हा तिथेच तुटलं. पुन्हा दाबलं. काकांच्या कपाळावर घाम आला होता.

“पुढचं गेलं गं,” ते म्हणाले. “सापडलं नाही.”

मग त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, या माणसाने, ज्याने जन्मात कधी आरतीतसुद्धा आवाज चढवला नाही, तोंड उघडलं आणि बेसूर, घोगऱ्या आवाजात ओळ पुढे नेली.

“घागर राहिली… दारावरती…”

“नाही ना!” काकू कडाडल्या.

आम्ही दोघेही दचकलो. हे पूर्वीचं “नाही ना” नव्हतं. हे खरोखरचं नाही होतं. काकूंनी डावा हात उगारला, मान हलवली, आणि कुठल्याही बोंडीच्या आधाराशिवाय गायल्या, “घागर राहिली घाटावरती, पाऊल वळलं मागे.” त्यांचा आवाज फाटला होता. पण ओळ पुरी झाली.

पुढे तोच रिवाज पडला. धड गाण्यांपेक्षा तुटकी गाणीच काकूंच्या जास्त कामी आली, असं मॅडमचं म्हणणं. धड गाण्यामागून नुसतं जाता येतं, तुटक्याला स्वतः पुढे न्यावं लागतं. काकूंना सुचलं नाही तर काका चुकीचं गायचे. मुद्दाम की खरंच चुकायचे, हे मी विचारलं नाही. त्यांचा सूर ऐकता मुद्दाम असण्याची गरज नव्हती. हळूहळू “पाणी” परत आलं, मग “दार”, मग एक दिवस “अहो”.

रुपेरी प्लेअर गॅलरीतल्या फळीवर गेला. त्याच्या वायरच्या भोकावर काकांनी लाल रंगाची रेघ ओढून ते बुजवून टाकलं. सुतळीला चिठ्ठी: काढलेला भाग. आणि “बिघाडाचं कारण” यापुढे त्यांच्या टपोऱ्या अक्षरात एकच शब्द, “तपासनीस”.

काका गेल्या वर्षी गेले, झोपेतच. काकू आता मुक्ताकडे असतात. मी काकांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या दोन-तीन दिवस आधी. मी वर पाण्याची टाकी बघायला चालले होते, त्यांचं दार सताड उघडं होतं. काका पलंगाच्या कडेवर ताठ बसून गात होते, डोळे मिटलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर, मुलाखतीला बसल्यासारखे. काकू समोर खुर्चीत. ओळ अर्ध्यात आली तोच खुर्चीच्या हातावर थाप पडली.

“नाही ना, अहो! पुन्हा.”

काकांनी डोळे उघडले, दारात मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

“पाहिलंस ना, नीलिमा?” ते म्हणाले. “आजही नापास.”

आणि घसा खाकरून त्यांनी ओळ पहिल्यापासून धरली.